तुळशीला चालतं, मग हिला का नाही?

घट बसले की आमच्या घरातल्या बायकांना बसायला वेळ मिळत नाही. नवरात्रात पहाटे अंघोळ उरकून पांढरकवड्याहून केळापूरला जगदंबेच्या दर्शनाला जायचं. कुणी पायी जातं, कुणी ऑटोनं. मंदिरात गर्दी तर विचारू नका! तेलंगणातून आलेली मंडळी तेलुगू बोलत असतात, आपली वऱ्हाडी ऐकू येते, मध्येच गोंडीही कानावर पडते. हातात ओटीचं ताट सांभाळत, लेकराचा हात धरून आपण रांगेत उभ्या. घरी परत यावं तर फराळाची भगर शिजायची बाकी!

तिथून जी धावपळ सुरू होते ती तुळशीच्या लग्नापर्यंत. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन काढायचं. संध्याकाळी पोरींची भुलाबाई. कोजागिरीला दूध आटवायचं. मग दिवाळीची साफसफाई, चिवडा, शेव, करंज्या, अनारसे. त्यातच कापसाचा पहिला वेचा. बाया वेचायला शेतात गेल्या की घरी फराळाला हात कुठून आणायचे? मग पाडवा, भाऊबीज, माहेरवाशिणी, जावई, त्यांची पोरं. सव्वा-दीड महिना असा निघून जातो, आणि कार्तिकी पौर्णिमेला आपण दमून बसतो तेव्हा लक्षात येतं, अरे, सण होता हा!

मैत्रिणींनो, तक्रार करायला बसले नाही मी. खरं सांगू? मला ही धावपळ आवडते. चार जावा-नणंदा चुलीशी बसून करंज्या भरतात, तेव्हा जे हसणं-बोलणं होतं ते वर्षभर पुरतं. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरी जे घडलं त्यानं मला विचार करायला लावलं. सण सगळ्यांचा म्हणतो आपण, पण तो खरंच सगळ्यांचा असतो का? ज्या बाईच्या आयुष्यात अचानक काही नवं, गोड आलंय, तिला आपण या गर्दीत कुठली जागा देतो?

माझी धाकटी नणंद. सहा वर्षांपूर्वी हायवेवर अपघात झाला आणि जावई गेले. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची, पदरात तीन वर्षांची पोर. सासरी वर्षभर कशीबशी काढली, मग आमच्याकडे आली. घरच्या घरी शिवणकाम करते. हात इतका सुबक की दिवाळीच्या आधी ब्लाउजचे गठ्ठे पडलेले असतात. नवरात्रापासून तिची मशीन रात्री अकरापर्यंत चालू. तिनं आमच्यावर कधी भार टाकला नाही, उलट घरातलं निम्मं काम तीच ओढते. आम्हीही तिला काही कमी केलं नाही, असं मला वाटत होतं. वाटत होतं म्हणते, कारण आता तेवढी खात्री नाही.

शिवायला कापड घेऊन येणाऱ्यांत एक गृहस्थ होते. एका जिनिंगमध्ये हिशेब बघतात. बायको आजारपणात गेलेली, एक मुलगा, नणंदेच्या मुलीपेक्षा वर्षभरानं मोठा. मुलाच्या शाळेच्या पँटी शिवायला टाकायला ते पहिल्यांदा आले. भुलाबाईचे दिवस होते. अंगणात पोरींची गाणी चालू होती आणि खिरापत ओळखायचा खेळ रंगला होता. तो मुलगा दारातच उभा राहून पाहत होता. पोरींनी त्याला ओढून आत घेतलं. डबा वाजवून, वास घेऊन त्यानं ओळखलं, 'फुटाणे!' आणि सगळ्या पोरी ओरडल्या. ते गृहस्थ हसले. माझी नणंदही मशीनवर मान खाली घालून हसली. मी पाहिलं, पण तेव्हा मनात काही आलं नाही.

मग कोजागिरी आली. मग कुठल्या ना कुठल्या निमित्तानं पँटी उसवल्या, शर्टाची बटणं तुटली! कामाच्या घाईतही ही मधूनच मोबाइल बघायची आणि तोंडावर हसू यायचं. अनारसे तळताना एक दिवस चक्क गुणगुणत होती. सहा वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी विचारलं, तशी तिनं लपवलं नाही. झारा हातात धरूनच म्हणाली, "वहिनी, मला त्यांच्याशी बोलायला आवडते. अजून काही ठरलं नाही. फक्त आवडते."

अशा वेळी चांगल्या वहिनीनं काय म्हणावं? मी काय म्हणाले ते सांगते, कारण हा लेख त्याचसाठी आहे. मी म्हणाले, "हे बघ, आता घरात पाहुणे येतील. तुझे सासरचेही डोकावतील. भाऊबीज होईपर्यंत त्यांना येऊ नको म्हण. फोनही जरा आवर. सण होऊ दे, मग बघू."

मला वाटलं मी फार समजूतदारपणे बोलले. नाही म्हटलं नाही, रागावले नाही, आईंच्या कानावर घातलं नाही. नुसतं थांब म्हटलं.

तिनं ऐकलं. त्यानंतर ती गुणगुणली नाही. लक्ष्मीपूजनाची सगळी तयारी तिनंच केली. पाडव्याला मी यांना ओवाळलं तेव्हा तबक तिनंच सजवून हातात दिलं. निरांजन लावून, सुपारी ठेवून, सगळं नीट. आणि मी ओवाळायला उभी राहिले तशी ती स्वयंपाकघरात निघून गेली. दर पाडव्याला ती अशीच जात असणार. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं.

भाऊबीजेला घर भरलं होतं. दोन्ही मोठ्या नणंदा, त्यांची पोरं, जावईबापू. हिनं भावाला ओवाळलं. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "बोल, काय पाहिजे? साडी की मशीनला मोटर?" ही तबक खाली ठेवत म्हणाली, "दादा, काही नको. फक्त मला चोरासारखं वागायला लावू नका."

सगळे गप्प. यांना काहीच माहीत नव्हतं. मोठ्या नणंदा एकमेकींकडे बघायला लागल्या. माझी तर मान खाली. मग तिनंच, भरल्या घरात, सरळ सांगून टाकलं. कोण आहेत, काय करतात, किती दिवसांपासून बोलणं आहे. सांगताना आवाज कापत होता, पण थांबली नाही.

मला भीती आईंची होती. माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या, जुन्या वळणाच्या. उपासतापास, सोवळंओवळं कडक. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माह्या मायचा पाट रात्री लागला होता. मी पाच-सहा वर्साची असंन. गावातले दिवे मालवले, मंग चार मानसं जमली. वाजंत्री नाही, काही नाही. माय रडून रायली होती. सकाळी कोनी तिचं तोंड पाहू नये म्हनून अंधारातच दमनीत बसवलं. तिनं काय चोरी केल्ती का? माह्या पोरीचं जे काय व्हाचं असंन ते उजेडात होऊ द्या."

एवढं बोलून त्या उठल्या आणि नातवंडांना चिवडा वाढायला लागल्या. मी त्यांच्या घरात सतरा वर्षं आहे. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली.

शिकल्यासवरलेल्या आपण समजतो की विधवेचं दुसरं लग्न म्हणजे सुधारकांनी आणलेली नवी गोष्ट. तसं नाही. शेती करणाऱ्या, कष्ट करणाऱ्या कितीतरी समाजांत पाट लावायची चाल जुनीच होती. आपल्या भागातल्या गोंड आणि कोलाम समाजांतही विधवेनं पुन्हा घर मांडायला पूर्वीपासून मुभा आहे. पण पाटाला लग्नाचा मान नव्हता. तो गुपचूप, रात्रीचा उरकायचा. म्हणजे बाईला नवरा मिळायचा, पण आनंद साजरा करायची परवानगी मिळायची नाही. दुसरीकडे उच्चवर्णीय म्हणवणाऱ्या घरांत तर तेही नव्हतं. तिथं केशवपन, लाल आलवण आणि माजघराचा कोपरा.

आपल्या विदर्भातल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. बायको मेली की पुरुष दुसरी करतो, मग नवरा मेला की बाईनंच का जन्मभर कोंडून घ्यायचं, हा प्रश्न त्यांनी तेव्हा रोखठोक विचारला होता. पुढं 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विद्यार्थिनी. कर्वे स्वतः विधुर होते. त्या काळी विधुरानं कुमारिकाच करायची, पण त्यांनी ठरवलं, करीन तर विधवेशीच. मुरूडला गावी गेले तर गावानं बहिष्कार टाकला. त्याच कर्व्यांना 1958 साली भारतरत्न मिळालं. आपण त्यांचं नाव शाळेत पाठ केलं, त्यांच्यावर निबंध लिहिले. आणि घरात प्रसंग आला की "सण होऊ दे, मग बघू" म्हणालो. निदान मी तरी म्हणाले.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून इतर गावांना हा कित्ता गिरवायला सांगितलं. फार चांगलं झालं. पण ठराव ग्रामपंचायतीत होतो, आणि बाई राहते घरात. घरातला ठराव कोण करणार? तो आपणच, सासवा-जावा-नणंदा-वहिन्यांनी करायचा आहे. कारण खरं बोलायचं तर बाईला पाडव्याच्या तबकापासून लांब उभं करणारी बहुतेक वेळा दुसरी बाईच असते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न जरा जास्तच टोचायला हवा. कर्जापायी शेतकऱ्यानं जीव दिल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचल्या. 2006 साली तर पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं. त्या प्रत्येक बातमीच्या मागे एक बाई उरलेली असते. कुणी तिशीची, कुणी पंचविशीची. तिला आपण शिलाई मशीन देतो, शेळी देतो, कार्यक्रमात बोलावून साडी देतो. तिच्या पोटाचा विचार करतो, पोरांच्या शाळेचा करतो. तिलाही कुणाशी दोन गोष्टी बोलाव्याशा वाटत असतील, कुणी "जेवलीस का?" विचारावंसं वाटत असेल, हा विचार मात्र आपल्याला अवघड जातो. तिनं धीरानं राहावं, कष्ट करावेत, पोरं मोठी करावीत म्हणजे आपण तिचं कौतुक करू. ती हसली, नवी साडी नेसली, केसात गजरा माळला की लगेच आपले डोळे बारीक होतात.

आणि सणात तर हे फारच होतं. एरवी ती शेतात जाते, कामावर जाते, माणसांत असते. सण आला की तिला आठवण करून दिली जाते की तू आता सवाष्ण नाहीस. ओटी भरायला हिला नको, पाडवा हिचा नाही, संक्रांतीचं हळदीकुंकू हिचं नाही. फराळ मात्र हिनंच करायचा!

आमच्या भागात दिवाळीत दंडार असते, माहीत आहे ना? गोंड, कोलाम वस्त्यांवर ढोल वाजायला लागतात, मोरपिसांचे मोठाले टोप घातलेले घुसाडी नाचतात. पलीकडे आदिलाबादच्या बाजूलाही हीच परंपरा. तिकडच्या मार्लवाईचे घुसाडी नर्तक कनक राजू यांना 2021 साली पद्मश्री मिळाली होती. एका गावची दंडार दुसऱ्या गावाला पाहुणी जाते, तिथं जेवणं होतात, नाच होतो, आणि त्या पाहुणचारात सोयरिकीच्या गोष्टीही निघतात. मला ही पद्धत फार आवडते. सण आहे, माणसं जमली आहेत, तर नवी नाती जुळणारच. ती अंगणात, चार मोठ्या माणसांसमोर, ढोलाच्या आवाजात जुळू द्यावीत. आपण मात्र सण आला की जुळणारं नातं माळ्यावर टाकतो आणि म्हणतो, पाहुणे गेल्यावर काढू!

आमच्याकडे पुढं काय झालं, ते सांगते. तुळशीच्या लग्नाला आईंनी त्या गृहस्थांना आणि मुलाला जेवायला बोलावलं. यांनी स्वतः फोन केला. मी पुरणपोळी केली. वृंदावन चुन्यानं रंगवलं, उसाचा मांडव घातला, बोरं-आवळे-चिंचा ठेवल्या. आंतरपाट धरायला दोन्ही पोरं, नणंदेची मुलगी एका टोकाला आणि तो मुलगा दुसऱ्या. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या.

आणि अक्षता टाकता टाकता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तुळस कोण? पुराणातली वृंदा. जालंधराची बायको. नवरा युद्धात मारला गेला, तिनं देह टाकला आणि तुळस झाली. तिचं लग्न आपण विष्णूशी लावतो. म्हणजे दर वर्षी, घरोघरी, मंगलाष्टका म्हणून, मांडव घालून, पेढे वाटून आपण एका विधवेचं दुसरं लग्न लावतो! कुणी म्हणत नाही, लोक काय म्हणतील. कुणी म्हणत नाही, रात्री उरका. उलट तिचं लग्न लागल्याशिवाय घरातल्या मुलींच्या लग्नांना मुहूर्त नाही. देवाच्या अंगणात जे चालतं, ते आपल्या अंगणात का चालू नये?

मी हे आईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता कळलं का तुले?" मी काय बोलणार!

मैत्रिणींनो, गोष्ट इथंच "आणि ते सुखानं नांदू लागले" अशी संपली असती तर बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही, आणि का झालं नाही तेही तुम्हाला सांगायचं आहे. तुळशीचं लग्न झालं आणि आमचं सगळं घर एकदम उत्साहात आलं. मोठी नणंद म्हणाली, आता थांबायचं कशाला, लग्नसराई सुरूच झाली. यांनी कार्यालयाची चौकशी केली. मी मनातल्या मनात साड्या काढल्या. शेजारच्या काकूही म्हणाल्या, लवकर उरका, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील.

हिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला थोडे दिवस असंच राहू द्या. मला त्यांना ओळखायचं आहे. पोरीला त्यांची सवय व्हायची आहे. आधी तुम्ही थांब म्हणत होते, आता पळ म्हणता. मला चालू द्या ना माझ्या चालीनं."

बघा, पुन्हा आम्ही चुकलोच! आधी लपव म्हणालो, मग उरक म्हणालो. दोन्ही वेळा काळजी लोकांच्या तोंडाची. तिच्या मनाची नाही. 'उरका' हा आपला फार लाडका शब्द आहे. फराळ उरका, पाहुणे उरका, लग्न उरका. पण नवं नातं ही उरकायची गोष्ट नाही. वीस वर्षांच्या पोरीला साखरपुडा आणि लग्न यांच्यामधले दिवस आपण हौसेनं देतो. तिला फोन येतो तेव्हा आपण गालातल्या गालात हसतो. तेच गोड दिवस चौतिशीच्या बाईनं मागितले तर आपल्याला घाई का होते?

आणि तिच्या मुलीचाही विचार आहेच. नऊ वर्षांची पोर. तिनं एका रात्री मला विचारलं, "मामी, आई लग्न करून गेली तर मी कुठं राहीन?" माझ्या पोटात कालवलं. आमच्या सासूबाई पाच-सहा वर्षांच्या असताना त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं, आई कुठं चालली ते. आज सत्तर वर्षांनीही ते त्यांना आठवतं. म्हणून पोरांना आधी सांगायला हवं, त्यांच्या कलानं घ्यायला हवं. हे काम चार दिवसांत होत नाही. माझ्या नणंदेनं वेळ मागितला तो उगाच नाही. त्या पोरीला मी उत्तर दिलं नाही, तिच्या आईकडे पाठवलं. दोघी मायलेकी त्या रात्री उशिरापर्यंत बोलत बसल्या होत्या.

एक गोष्ट व्यवहाराची. हिच्या सासरकडच्यांनी निरोप धाडला, दुसरं लग्न केलं तर तीन एकरांवर पाय ठेवायचा नाही. अशी धमकी पुष्कळ जणींना मिळते आणि त्या घाबरून गप्प बसतात. तर ऐका. 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्यानं लग्नाची मुभा दिली, पण पुन्हा लग्न केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क सुटतो, असंही त्यातच होतं. लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. तो कायदा 1983 सालीच रद्द झाला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या नावावरच्या मालमत्तेत बायकोला, मुलांना आणि नवऱ्याच्या आईला वारस म्हणून सारखा हिस्सा आहे. तो हिस्सा बायकोला मिळाला की ती त्याची पूर्ण मालक, आणि नंतर लग्न केलं म्हणून तो काढून घेता येत नाही. मुलांचा हिस्सा तर मुलांचाच. आदिवासी समाजाला मात्र हा कायदा लागू नाही, तिथं रूढीप्रमाणे वारसा ठरतो, हेही लक्षात ठेवा. सातबाऱ्यावर आपलं नाव चढलंय का, हे आधी तलाठ्याकडे जाऊन बघा. आणि तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे बाईला वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. विचारायला लाजू नका.

आता पुन्हा घट बसतील. या वेळी आमच्या घरात काही गोष्टी ठरल्या आहेत. देवीची ओटी घरातली प्रत्येक बाई भरणार. फराळाची चार कामं पुरुषांकडे. चिवड्याचे पोहे भाजायला यांना बसवणार, करपले तर करपले! आणि रोज संध्याकाळी एक तास मशीन बंद. तो तास माझ्या नणंदेचा. तिनं बोलावं, फिरायला जावं, दोन्ही पोरांना घेऊन केळापूरला दर्शनाला जावं. कुणी विचारलं, "कोण हो ते?" तर मी सरळ सांगणार आहे, "आमच्या ताईचे मित्र आहेत." लग्न होईल की नाही, कधी होईल, ते तिचं ती ठरवेल. झालं तर दिवसाढवळ्या, वाजतगाजत.

तुमच्याही घरात, शेजारात, बचत गटात अशी एखादी असेल. तिच्या मोबाइलवर मेसेज आला आणि तिच्या तोंडावर हसू आलं, तर या सणात एवढंच करा. डोळे बारीक करू नका. अनारसे तुम्ही तळा, झारा तिच्या हातातून घ्या. आणि ती गुणगुणायला लागली तर गुणगुणू द्या. पटतंय ना?